भिवा आखाड्यानं सोडलेला लगाम

भिवा आखाडेला घोड्यावर बसता येत नव्हतं. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दुबईतल्या देरा भागातल्या आमच्या खोलीतल्या पाचही जणांनी मला वेड्यात काढलं. कारण माणूस घोड्यांच्या जिवावर दुबईत आलेला, अजीज अरबाबच्या तबेल्यात पाच वर्षं काढलेली, आणि बसता येत नाही? पण खरं होतं. भिवा माथेरानचा. तिथं घोड्यावर गिऱ्हाईक बसतं आणि घोडेवाला दोरी धरून बाजूनं चालतो. भिवाचा बाप असाच चालला, आजा चालला. दिवसाला वीस-वीस किलोमीटर तांबड्या मातीतून. घोड्यावर बसायची वेळ कुणावर आलीच नाही.

सत्त्याण्णव साली मुंबईतल्या एजंटानं विचारलं, "रायडर आहेस का?" भिवा म्हणाला, "व्हय." इथं आल्यावर अरबाबनं, म्हणजे मालकानं, समोर एक उमदी घोडी उभी केली आणि खूण केली, चढ. भिवानं दोरी हातात घेतली आणि घोडीबरोबर मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. पायी. पळत. अरबाब इतका हसला म्हणे की त्याला खुर्ची आणून द्यावी लागली. मग त्यानं हुकूम सोडला, हा माणूस राहू दे, पण मोतद्दार म्हणून. खरारा कर, चारा घाल, फिरवून आण. भिवाला तेच हवं होतं.

त्याच्याविषयी पुष्कळ बोललं जायचं. तो घोड्यांशी मराठीत बोलतो, हे खरं. तो घोड्यांचा गूळ स्वतः खातो, हेही खरं. त्याच्या नेरळला एक आणि कर्जतला एक अशा दोन बायका आहेत, हे खोटं. ती अफवा मीच उठवली होती, आणि ती परत माझ्याच कानावर आली तेव्हा बायका तीन झाल्या होत्या. बिचाऱ्याची बायको एकच, आशा. तिला तो दर महिन्याला पहिल्या शुक्रवारी देऱ्यात येऊन फोन करायचा आणि फोनवर निम्मा वेळ इथल्या घोड्यांची नावं सांगायचा. बाई वैतागून म्हणायची, "माझं नाव आठवतंय का?"

दोन हजार एक साली अरबाबच्या डोक्यात कॅम्प शिरला. अल ऐनच्या रस्त्यावरून डावीकडे आत, वाळूत, घाफच्या सात-आठ झाडांपाशी त्यानं दहा तंबू ठोकले. प्रत्येक तंबूमागं पाइपांचं कुंपण, कुंपणात पाण्याची दगडी कुंडी. ज्यांचे स्वतःचे घोडे असतील त्यांनी ट्रेलरमधून आणावेत, तंबूमागं बांधावेत, रात्री राहावं, सकाळी वाळूत फिरून यावं. घोडा नसेल त्याला अरबाबचा घोडा भाड्यानं. गोऱ्या लोकांना हे फार आवडलं. स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची सगळी उस्तवार वसईच्या जोकिम डिमेलोकडं होती. हा जोकिम माझा जुना मित्र. मी त्याला पावाचा दुष्ट राजा म्हणतो, कारण तो प्रत्येकाला मोजून दोन पाव देतो आणि तिसरा मागितला की देवाचं नाव घेतो.

त्यानंच आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे मी आणि वालावलकर कुटुंब. प्रल्हाद वालावलकर देऱ्यातल्या एका कार्गो ऑफिसात सुपरवायझर. दुबईत बारा वर्षं झाली तरी हा माणूस पाण्याची बाटली घेताना रुपयांत भाव सांगतो. "माणशी सत्तर दिरहॅम, म्हणजे नऊशे रुपये, काका! नऊशे रुपयांत माझा बाप घोडा विकत घेईल." त्याची बायको कुंदा, जात्याच काळजी करणारी. आणि त्यांची मिहिका, नऊ वर्षांची, जन्मापासून इथलीच, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. तिच्या खोलीच्या भिंतीवर घोड्यांची एकोणीस चित्रं होती. त्या पोरीसाठीच हा सगळा घाट.

जानेवारी दोन हजार दोनमधला गुरुवार. दुपारी पोचलो. मिहिका संध्याकाळपर्यंत भिवाच्या मागून हलली नाही. भिवाला इंग्रजी येत नव्हतं, पण माथेरानचं इंग्रजी येत होतं. तो तिला वाळूच्या टेकड्या दाखवत सांगत होता, "धिस पॅनोरमा पॉइंट. धिस एको पॉइंट." पोरगी खिदळत होती.

शुक्रवारी सकाळी सहाला उठलो तर जग गेलेलं. धुकं. शेजारचा तंबू दिसेना. घाफच्या फांद्यांवरून थेंब गळत होते. इथं थंडीच्या दिवसांत असं धुकं पडतं, पण मी शहरातला माणूस, मी ते खिडकीतून पाहिलेलं. मिहिका मात्र जाकीट घालून तयार. आदल्या दिवशी भिवानं कबूल केलं होतं, सकाळी एक चक्कर.

"आत्ता नको," कुंदा म्हणाली. "धुकं जाऊ दे."

"ममा, यू प्रॉमिस्ड!"

"अहो वहिनी," भिवा म्हणाला, "ह्ये काय धुकं हाय? आमच्याकडं पावसाळ्यात धा दिवस हात दिसत न्हाई हाताला. कुंपनाला वळसा घालून आनतो. धा मिनटं."

कुंदा माझ्याकडं बघू लागली. आणि मी, मोठ्या माणसासारखं गप्प बसायचं सोडून, तिला चिडवलं. म्हटलं, "कुंदा, पोरीला काचेच्या कपाटात ठेव आणि आठवड्यातून एकदा पुसून काढ." प्रल्हाद हसला. कुंदा खजील झाली आणि म्हणाली, "बरं, जा."

त्या वाक्याबद्दल कुंदानं मला नंतर कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ठरलेली घोडी म्हातारी गझाला. पण तिचा नाल ढिला निघाला. म्हणून भिवानं मर्जानला खोगीर चढवलं. मर्जान तांबूस रंगाचा, स्वभावानं गरीब, लहान मुलाखाली दगडासारखा उभा राहणारा. तबेल्यात येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. ते निघाले, आणि दहा पावलांवर दोघांना धुक्यानं पुसून टाकलं.

यापुढचं मी भिवाकडून आणि मिहिकाकडून ऐकलेलं सांगतो, दोघांचं जमतं तेवढंच.

कुंपणाला वळसा घालायचा तर कुंपण दिसायला हवं. भिवा पाइपाला हात लावत चालला होता. मध्ये एका झुडपानं त्याला बाजूला जावं लागलं, आणि परत हात पुढं केला तर पाइप नाही. चार पावलं इकडं, चार तिकडं. पाइप नाही. हाक मारावी तर पाहुणे झोपलेले, आणि मुख्य म्हणजे लाज. पाच वर्षांचा मोतद्दार स्वतःच्या कुंपणापाशी हरवला, ही गोष्ट मी देऱ्यात दहा वर्षं पुरवली असती, हे त्यालाही माहीत होतं.

मग त्यानं तेच केलं जे माथेरानचा कुठलाही घोडेवाला करील. तिथं भर पावसाळ्यात धुक्यात वाट दिसेनाशी झाली की लगाम ढिला सोडतात आणि घोड्याच्या बाजूनं चालत राहतात. घोडा आपल्या ठाणाशी नेऊन उभा करतो. भिवाच्या बापाला त्यांच्या घोड्यानं असं किती वेळा घरी आणलं याची गणती नव्हती. भिवानं लगाम मर्जानच्या मानेवर टाकला, रिकिबीचा पट्टा धरला आणि म्हणाला, "चल लेका, घरला."

मर्जाननं कान टवकारले. जागेवर वळला. आणि चालू लागला, अगदी ठाम, कुठंही न अडखळता.

"अंकल, आर वी गोइंग बॅक?"

"येस येस. हॉर्स नोज."

अर्धा तास झाला. भिवाला वाटलं, घोडा लांबचा वळसा घेतोय. पाऊण तास झाला. पायाखाली वाळू संपून खडी लागली. कॅम्पजवळ खडी नव्हती. त्यानं लगाम धरून मर्जानला थांबवलं आणि मागं वळवायला बघितलं. गरीब घोडा वळेना. मान ताठ करून उभा. आणि वळवून तरी न्यायचं कुठं? खडीवर खुराची खूण उठत नव्हती.

तेव्हा भिवानं हाका मारल्या. जोकिमला, प्रल्हादला, मला, शेवटी नुसत्याच. माथेरानला दरीच्या कडेला हाक मारली की ती परत येते, निदान आपलाच आवाज सोबतीला असतो. इथं हाक गेली ती गेली. भिवा मला म्हणाला, "काका, तोंडातून आवाज निघतोय का न्हाई, तेच कळंना."

मिहिका रडायला लागली. थंडीनं बोटं आखडलेली, जाकीट दवानं ओलं. "आय वॉन्ट ममा." भिवानं अंगातला शर्ट काढून तिच्या जाकिटावरून गुंडाळला आणि घोडा पुन्हा चालू दिला. थांबून पोरगी गारठली असती. खडी संपून परत वाळू लागली, चढाची. एका टेकडीच्या पलीकडच्या अंगाला वाळू एकदम घसरली. भिवा कोलांटी खाऊन खाली गेला. पट्टा हातातून सुटला.

उठला तर घोडा नाही. पोरगी नाही. चारी बाजूंना पांढरं.

"मिहिका! बाळ, वरड! वरड!"

"आय कान्ट सी यू!"

आवाज कुठून आला ते कळेना. तो एकीकडं पळाला, आवाज दुसरीकडून आला. दुसरीकडं पळाला, तर आवाज लहान झाला. घोडा चालतच होता, नऊ वर्षांची पोर पाठीवर घेऊन, आपल्या वाटेनं. भिवा सांगत होता की त्या वेळी त्यानं देवाला काही मागितलं नाही, कारण मागायला थांबलो तर तेवढ्यात घोडा आणखी वीस पावलं जाईल. तो नुसता ओरडत होता, "बोलत ऱ्हा! कायबी बोल!" आणि त्या पोरीनं काय करावं? ती पाढे म्हणायला लागली. इंग्रजीत, दोनापासून. सेव्हन टूज आर फोर्टीन. एट टूज आर सिक्स्टीन. भिवा पाढ्यांच्या मागून धावत होता. सहाचा पाढा अर्ध्यावर आला आणि आवाज एका जागी थांबला. मर्जान थांबला होता. का, तर घोडा चालता चालता लघवी करत नाही, त्याला त्यासाठी उभं राहावं लागतं. भिवा येऊन त्याच्या गळ्यात पडला तो तशातच. पुढं त्यानं दोरीचं एक टोक खोगिराला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या कमरेला.

दहाच्या सुमारास धुकं विरळ झालं. सूर्य दिसला, आणि तो नको त्या बाजूला दिसला. चारी दिशांना टेकड्या, उंटांच्या जुन्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या, आणि मर्जानचे कान अजून पुढं. घोडा असा चालतो तो फक्त ठाणाकडं निघाला की. भिवा त्या कानांकडं बघत होता आणि बघता बघता मटकन खाली बसला. दोरी ताणली गेली म्हणून घोडाही थांबला.

तीन आठवडे. तीन आठवड्यांत घोड्याला कुठलं घर होतं? मर्जान घरीच निघाला होता, पण स्वतःच्या. ज्या तबेल्यातून अरबाबनं त्याला विकत घेतला तिकडं. भिवानं घोड्याला घरी चल म्हटलं, आणि घोड्यानं ऐकलं.

"व्हॉट हॅपन्ड, अंकल?"

"नथिंग," भिवा म्हणाला, आणि उठला. म्हटलं, जिथं तबेला तिथं माणूस असणार, पाणी असणार, फोन असणार. आता घोड्यालाच जाऊ द्यायचं. दुसरं काही हातात उरलं नव्हतं.

साडेअकराला तबेला आला. पत्र्याच्या शेडा, कुंपण, मोठं फाटक. भिवा धावत सुटला, दोरी कमरेला असल्यानं घोडाही धावला. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप. आत वाळू साचलेली, दारं उघडी, एक मोडकं घमेलं. माणूस नाही. मालकानं तबेला बंद केला म्हणूनच तर घोडे विकले होते, पण हे भिवाला कोण सांगणार? मर्जान फाटकाला कपाळ लावून उभा राहिला आणि खिंकाळला. आतून काही उत्तर आलं नाही. तो पुन्हा खिंकाळला. मिहिका म्हणते, ती सगळ्यात जास्त तेव्हा घाबरली.

कुंपणावरून भिवा आत गेला. काळ्या टाकीच्या तळाशी चार बोटं हिरवं पाणी होतं. ते टॉवेलातून गाळून त्यानं आधी स्वतः प्यायलं आणि थांबून राहिला, पोटात काही होतं का बघायला. तासभर पोरीला थेंब दिला नाही. ती "प्लीज, प्लीज" करत होती आणि हा तिच्याकडं पाठ करून बसला होता. मग ओंजळभर दिलं. सोडून रस्ता शोधायला जावं, तर एकटी राहील. घेऊन जावं, तर ती चालायच्या पलीकडं गेलेली. तो शेडेवर चढायचा, टॉवेल हलवायचा, उतरून तिला बघायचा, परत चढायचा.

इकडं कॅम्पवर काय चाललं होतं ते मी पाहिलं, आणि त्यातलं फार सांगण्यासारखं नाही. जोकिमनं पोलिसांना फोन केला. गाड्या आजूबाजूला फिरल्या. पाहुण्यांतल्या चार गोऱ्या बायका घोड्यांवरून शोधायला गेल्या. प्रल्हाद वाळूत अनवाणी पळत होता. कुंदा खुर्चीत बसून मिहिकाचा टिफिन उघडत होती आणि बंद करत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

बाराला हमदुल्ला आला. हा अरबाबचा पठाण ड्रायव्हर, ट्रेलरचं काम करून घ्यायला आदल्या दिवशीच अबुधाबीजवळ मुसफ्फ्याला गेलेला. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. त्यानं हात वर केला आणि एकच विचारलं, जे सकाळपासून आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"घोड़ा कौन सा ले गया?"

"मर्जान," जोकिम म्हणाला.

"ओ खुदाया," हमदुल्ला म्हणाला. "उसको मैं ही लाया था. वो तो अपने घर गया होगा. यल्ला, बैठो!"

प्रल्हाद आणि मी पिकअपमध्ये बसलो. पाऊण तास. हमदुल्लानं वाटेत एवढंच सांगितलं की तो तबेला आता बंद आहे.

शेडेच्या सावलीत मिहिका भिवाचा शर्ट पांघरून पडली होती. डोळे उघडे. प्रल्हादनं गाडी थांबायच्या आत उडी मारली. आधी पोरीकडं जाईल असं वाटलं, पण वाटेत भिवा आला. बनियनवर, ओठ फुटलेले. प्रल्हादनं त्याला मारलं. दोन, तीन, मी मोजलं नाही. भिवानं हात वर केला नाही. म्हणाला, "साहेब, आदी पोरीला पानी द्या. गाडीत पानी हाय का?"

मिहिका बरी झाली. एक दिवस ताप, दोन दिवस उलट्या, खलास. चौथ्या दिवशी शाळेत गेली आणि सगळ्या वर्गाची हीरॉइन झाली.

अरबाब त्याच संध्याकाळी कॅम्पवर आला होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, घोडा उधळला का? उधळला म्हटलं असतं तर निभावलं असतं. जोकिमनं भिवाला डोळ्यानं खुणावलंही. भिवानं ती खूण घेतली नाही. उधळणारा घोडा कॅम्पवर ठेवत नाहीत, आणि अशा घोड्याचा शेवट काय होतो हे भिवाला ठाऊक होतं. तेवढ्यात मिहिका, कुंदाच्या मांडीवरून, निरागसपणे म्हणाली, "नो, ही वॉज गुड. अंकल लेट गो. ही सेड द हॉर्स नोज."

भिवाचा व्हिसा कॅन्सल. तिकीट मंगळवारच्या रात्रीचं. अरबाब वाईट माणूस नव्हता, पगार पूर्ण दिला, पण पोलिसांच्या कागदावर कॅम्पचं नाव आलं होतं. कुंदानं जाऊन रदबदली केली. होय, कुंदानं. अरबाब इन्शाल्ला म्हणाला, आणि या देशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तो नकाराचा सूर कळतो.

मी मंगळवारी त्याला निरोप द्यायला गेलो. मनात काहीबाही योजून गेलो होतो, की चेष्टा करीन, आता आशाला कुठल्या घोड्याचं नाव सांगणार वगैरे. तंबूत भिवा नाही. जोकिम म्हणाला, "अरे बाबा, त्याचं डोकं फिरलंय. शनिवारपासून हेच चाललंय. बॅग भरलेली नाही, जेवत नाही. बघ जाऊन."

तो कॅम्पच्या बाहेर मर्जानला घेऊन चालत होता. दर खेपेला वेगळ्या दिशेनं लांब जायचा, तिथून परत आणायचा, तंबूमागच्या कुंपणात उभा करायचा, गूळ द्यायचा, पाणी द्यायचं, मान खाजवायची. आणि परत बाहेर. शनिवार, रविवार, सोमवार, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. पायाचे तळवे सोललेले.

"काय करतोस रे?"

"त्याला हितलं घर लावतोय, काका. उद्या दुसरा मोतद्दार यील. गाववाला असला तर धुक्यात त्यो बी लगाम सोडंल." मग म्हणाला, "पाठीवर कुनाचं तरी प्वार असंल."

"चार दिवसांत लागतं घर?"

"म्हैना लागतो," भिवा म्हणाला. "कवा कवा दोन."

चार वाजले होते. जोकिमची गाडी विमानतळाकडं पाचला निघणार होती. भिवा मर्जानला घेऊन मैलभर गेला, मी धापा टाकत मागून. कॅम्पचे तंबू बोटाएवढे दिसत होते. त्यानं लगाम मानेवर टाकला, घोड्याच्या पाठीवर थाप दिली आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. डोळे मिटलेले.

"चल लेका, घरला," तो म्हणाला. आणि मग मला, "काका, बघा बरं. कुनीकडं निघालाय?"

मर्जाननं कान टवकारले. तंबूंकडं बघितलं. मग त्यांच्याकडं पाठ करून वळला.

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, जेवणाइतक्या सहज. त्या वेळी एक हवी होती आणि जीभ उचलेना.

भिवानं डोळे उघडले, माझ्याकडं न बघता वाकून दोरी उचलली आणि जुन्या तबेल्याच्या दिशेनं, घोड्याला परत आणायला, त्याच्या मागून झपझप चालायला लागला.